शेंड्यावरची ढोली

फार जुन्या काळी एका चिंचेवर खारींची वसाहत होती. त्यांचे म्होरके झुबकेराव यांनी ठरवलं, की प्रत्येकीने रोज एक चिंचोका शेंड्याजवळच्या ढोलीत टाकायचा आणि जी जखमी होईल तिला त्यातून खाणं द्यायचं. सगळ्यांना ते पटलं. मात्र कोणी लबाडी करू नये म्हणून त्यांनी एक नियम जोडला: जखमीने स्वतः वर चढून आपला वाटा न्यावा.

तीन वर्षांत कोणीच आलं नाही. ढोली काठोकाठ भरली. "पाहा, आपली वसाहत किती धडधाकट आहे," असं झुबकेराव दर सभेत सांगायचे.

एके दिवशी फांदी मोडली आणि झुबकेराव खाली आपटले. पाय मोडला. त्यांनी हाक मारली, "अगं, माझा वाटा खाली टाक."

"वर या ना," ढोलीवरची राखणदार खार अदबीने म्हणाली. "नियम तुमचाच आहे, साहेब."

झुबकेराव बुंध्याला टेकले. तिथे मुळांच्या आडोशाला चार लंगड्या खारी आधीच बसल्या होत्या. त्यांतली म्हातारी चिंगूताई जरा सरकली.

"बसा," ती म्हणाली. "नियम बदलायला तुम्ही एक ना एक दिवस खाली याल, याची खात्री होती आम्हाला."