राजाला जामीन कोण?

काळखडक बंदरावर राज्य होतं तळपसेन राजाचं, आणि तिथंच घाणा होता तान्हूबाई तेलिणीचा. राजाला हाव तेलाची, तान्हूबाईला हौस बोलण्याची!

काळखडकच्या जमिनीतून काळं तेल पाझरायचं, पण ते उपसायची विद्या फिरंग्यांपाशी. एक फिरंगी आला. तीस वर्षांचा करार तांब्याच्या पटावर कोरून घेतला, पदरचं धन ओतून खोल विहीर खणली. तेल उसळलं आणि राजा फिरला! "विहीर माझी, चालता हो!" फिरंगी गेला. वर्षात विहीर गाळानं बुजली. मग राजानं नव्या फिरंग्यासाठी बंदरोबंदरी दवंडी पिटली, पण एक गलबत धक्क्याला फिरकेल तर शपथ!

भर बाजारात तान्हूबाई बोलून गेली, "अगं, त्यात काय! आठवड्यात फिरंगी आणीन!"

राजाच्या कानी गेलंच. "आण! नाही आणलास तर घाणा फोडीन, घरादाराला हाकलून देईन!"

नवरा म्हादबा कपाळ धरून बसला. "अगं, तुला कुणी विचारलं होतं?"

"कुणी नाही हो! माझं तोंड म्हणजे उतावळी नवरी. आधी उंबरा ओलांडते, मग विचारते, घर कुणाचं?"

तरी ती मचव्यात बसून, बंदराला न शिवता दूर खोल पाण्यात नांगरलेल्या जहाजावर गेली. दोमिंग नावाच्या फिरंग्याला म्हणाली, "शेटजी, उतरू नका. नुसतं धक्क्याला या. माझं जमलं तर तुमची विहीर, नाही तर माझा घाणा गेला!"

दोमिंग आला, पण एक पाय धक्क्यावर, दुसरा होडीतच!

राजा म्हणाला, "नवा करार तांब्यावर कोरून देतो!"

"मागचाही तांब्याचाच होता, महाराज. त्याची परात झाली म्हणे!"

राजा लाल झाला. तान्हूबाई मध्ये पडली. "महाराज, बाजारात खोडीचा बैल विकायचा तर जामीनदार लागतो. बैल उलटला की जामीनदार विकणाऱ्याच्या मानेवर बसतो. आपणही जामीन द्या."

"मला बैल म्हणतेस?"

"मेली जीभ! पण जामीन द्याच."

"अगं, माझ्याहून मोठं या राज्यात आहे कोण?"

"राणीसाहेबांच्या मातोश्री!"

धक्क्यावरच्या बायकांनी पदरात तोंडं लपवली. तान्हूबाई पुढं म्हणाली,

"करार मोडलात, तर सासूबाई वाड्यावर कायमच्या राहायला येतील. गेल्या दिवाळीला त्या आल्या, तर आपण पंधरा दिवस शिकारीला गेलात, आणि एक ससासुद्धा आणला नाहीत!"

राजानं ओठ चावले, मिशी चावली, आणि शेवटी पोट धरून हसत सुटला. "लढाईत कुणाला पाठ नाही दाखवली, पण हिनं माझं बिंग फोडलं! लिहा रे, जामीन सासूबाई!"

दोमिंगनं होडीतला पायही धक्क्यावर घेतला.

विहीर पुन्हा वाहू लागली. राजवाड्यातल्या दिवाबत्तीचं काम तान्हूबाईच्या घराण्याला पिढ्यान्पिढ्यांसाठी मिळालं, नदीकाठची तिळाची जमीन इनाम मिळाली, आणि म्हादबाच्या डोक्याला जरीचा पटका चढला!