ओबेद नबीचा फाटका अंगरखा

एक होता दिवा. राजाबिजा कोणी नाही आज. आणि रिवका, पाय आत घे बघू पांघरुणात.

तर हा दिवा होता डोंगरावरच्या देवळात. तो कधी विझायचा नाही, कारण गावाची रीतच होती. जैतुनाची फळं चेचली, की पहिलं तेल देवळातल्या दिव्याला. मग उरलेलं आपल्या भाकरीला.

देवळात होते तीन याजक. याजक म्हणजे देवाची सेवा करणारे, बरं का. एक ते पहिलं तेल दाढीला लावी. दुसरा त्यात वडे तळी. तिसरा होता म्हातारा, तो आपले दुखरे गुडघे चोळी. आणि दिव्यात काय घालत? तळाचा गाळ! कुंपणच शेत खायला लागलं, तर राखणार कोण?

मग दिवा धुरकटला. तर याजक लोकांनाच म्हणाले, "तुमची पापं वाढली. आणखी तेल आणा."

गावात तिर्सा नावाची विधवा होती. तिचं एकच झाड. तिने घरातलं होतं नव्हतं ते तेल देवळात नेऊन दिलं. मग तिची दोन लेकरं भाकरी पाण्यात बुडवून खाऊ लागली.

त्याच गावात ओबेद नबी राहायचा. नबी म्हणजे देवाच्या मनातलं ज्याला ऐकू येतं तो. त्याला स्वप्न पडलं. स्वप्नात दिवा हळूहळू पायऱ्या उतरला, तिर्साच्या दारात आला नि रडू लागला. थेंब, थेंब, थेंब. सगळे सोनेरी.

ओबेद उठून देवळात गेला. म्हणाला, "दादांनो, लेकरांच्या तोंडचं खाऊ नका." याजक हसले. दुसऱ्या दिवशी गेला. तेव्हाही हसले. तिसऱ्या दिवशी तर त्यांनी दारच लावून घेतलं. मेले! देवाचं दार, का यांच्या बापाचं?

मग ओबेदला फार फार वाईट वाटलं. त्याने गळ्यापाशी अंगरखा टर्रकन फाडला नि पायरीखाली धुळीत बसला. घरचं माणूस गेलं की आपल्यात असंच करतात ना? आणि अशा माणसाजवळ जाऊन बसायचं, त्याला खायला द्यायचं, तो बोलेपर्यंत आपण बोलायचं नाही, हीसुद्धा रीतच.

आधी तिर्सा आली. कोरडी भाकरी ठेवून बसली. मग शेजारी आले. मग अख्खं गाव आलं. सगळे गप्प. देवळात कोणी जाईना, तेल येईना. दिवा मिणमिणू लागला.

तिसऱ्या संध्याकाळी याजक बाहेर आले. "अरे ओबेद, वारलं तरी कोण?"

ओबेदने म्हाताऱ्या याजकाकडे पाहिलं. "तुम्ही, दादा. लहानपणी तुमचाच हात धरून मी दिवा बघायला यायचो. ते तुम्ही कुठे गेलात?" आणि तो ढसाढसा रडला.

म्हाताऱ्याने दुखरे गुडघे वाकवले. तो धुळीत बसला नि त्याने आपलाही अंगरखा फाडला. मग आत जाऊन लपवलेली तेलाची मडकी काढली. तेव्हा बाकीच्या दोघांनीही मान खाली घालून हात लावला.

म्हातारा मडकं घेऊन दिव्याकडे निघाला. ओबेद म्हणाला, "थांबा. आज आधी लेकरांच्या भाकरीवर."

आणि काय सांगू! तिर्साच्या लेकरांनी तेलातला पहिला घास खाल्ला, नि तिकडे देवळात दिवा आपोआप लख्ख उजळला.

पुढे तिर्साने ओबेदचा अंगरखा शिवला. पण बोटभर फट त्याने तशीच ठेवायला लावली. "विसरायला नको," म्हणाला. मग त्या गावात कोणाची भाकरी कोरडी राहिली नाही.

दानू, शब्बाथच्या, आपल्या विसाव्याच्या वाराच्या दिव्याला फुंकर घालू नको रे. तेल संपलं की तोही निजेल. त्याच्या आधी तुम्ही निजा.