सनद समितीच्या वकिलाची फी

“मग नगरपालिकेचे पैसे घ्यायचे की नाही, एवढंच सांगा ना, बुवा!”

शाल्मलीने पुन्हा विचारलं. आवाज जरा चढलाच होता.

टेकडीवरच्या मठात दामोदरबुवा माधुकरी कालवत बसले होते. कुणाची आमटी, कुणाचा भात, कुणाची भाकरी... सगळं एका परातीत. कोणत्या घरचं काय, ते जिभेला कळू नये म्हणून.

“भांडण कोणाशी तुझं?”

“नगरपालिकेशी.”

“आणि पैसे?”

“तेही नगरपालिकेचेच.”

“बरं आहे की,” बुवा म्हणाले, आणि पुन्हा कालवू लागले.

शाल्मलीला हसावं की रडावं कळेना. मांडीवरची वर्षाची रेवा परातीकडे झेपावत होती. तिला एका हाताने आवरत शाल्मली पहिल्यापासून सांगायला लागली.

शहराचा कारभार कोणत्या नियमांनी चालावा, ते लिहून काढायला नगरपालिकेनेच एक सनद समिती नेमली होती. राज्यशास्त्रात एम. ए. म्हणून शाल्मलीला अध्यक्ष केलं. आपल्या हुशारीमुळे केलं, असं तिलाही वाटलं. वर्षाचं मूल घरी आहे, ही बाई फार उठाठेव करणार नाही, असा हिशोब त्यामागे असेल, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

समितीने मसुद्यात एक कलम घातलं. बाजारतळाची जागा विकायची असेल, तर आधी लोकांची सभा बोलावून संमती घ्यायची.

झालं! असं कलम घालायचा समितीला अधिकारच नाही, म्हणत नगरपालिका कोर्टात गेली. आता समितीच्या बाजूने कोणी उभं राहिलं नाही, तर कलम जाणार. आणि कलमामागोमाग बाजारतळ.

“मग उभा कर की एखादा वकील.”

“त्याला फी लागते, बुवा. आमच्याकडे चहापुरते पैसे आहेत.”

“लोकांकडून वर्गणी काढ.”

“लोक गणपतीला देतात. कोर्टाला कोण देणार?”

बुवांनी मान हलवली. हे त्यांना पटलेलं दिसलं.

“नगराध्यक्ष काय म्हणतात?”

“ते तर इतके गोड बोलतात की भीती वाटते. म्हणाले, वहिनी, समितीचा खर्च आमच्याकडेच आहे, वकिलाची फी मागा, देऊन टाकू. नाहीतर मी म्हणतो, बाहेरचा वकील हवाच कशाला? आमचे टिकेकर वकील आहेत ना! आमची बाजू तेच मांडतायत, तुमचीही मांडतील. शहराचे तेवढेच पैसे वाचतील.”

“दोन्ही बाजू?”

“हो. आणि खरं सांगू? बैठकीत सगळ्यांना ते पटलंसुद्धा. काटकसर म्हणून. मीसुद्धा सहीला पेन उघडलं होतं...”

ती थांबली. राज्यशास्त्राच्या पुस्तकात स्वायत्तता हा शब्द पानोपानी होता. स्वायत्ततेचं बिल कोण भरतं, ते कुठेच नव्हतं.

“संध्याकाळपर्यंत उत्तर द्यायचंय. फी घेतली, तर त्यांचं मीठ खाल्लं असं होईल. मग त्यांच्याविरुद्ध तोंड कसं उघडायचं? नाही घेतली, तर तोंड उघडायला माणूसच नाही. सासूबाई म्हणतात, तू तुझ्या पोरीचं सर्दीपडसं बघ. कधीकधी वाटतं, त्यांचंच बरोबर आहे.”



रेवाने एव्हाना परातीच्या काठाला हात घातला होता. बुवांनी मऊ भात बोटाने चुरला, फुंकर घातली आणि तिच्या तोंडात घास दिला.

रेवाने घास घेतला... आणि बोटही घेतलं.

“आई गं!”

“रेवा! सोड, सोड आधी! माफ करा हो बुवा, अशी करत नाही ती एरवी...” हे अर्थातच खोटं होतं.

बुवांनी बोट सोडवून घेतलं. उजेडात धरून पाहिलं. चिमुकल्या दातांच्या लालबुंद खुणा उमटल्या होत्या.

मग त्यांनी दुसरं बोट स्वतःच्याच तोंडात घातलं. डोळे मिटले. जबडा आवळला. कपाळाच्या शिरा ताठ झाल्या...

बोट बाहेर काढून त्यांनी शाल्मलीपुढे धरलं. त्यावर साधा ओरखडासुद्धा नव्हता.

“बत्तीसच्या बत्तीस शाबूत आहेत माझे,” ते म्हणाले. “पण बघ. जोरच लागेना.”

शाल्मली एकदा या बोटाकडे बघे, एकदा त्या. एवढ्या उन्हात, कडेवर पोर घेऊन ही टेकडी आपण कशासाठी चढलो, ते तिला आठवेना. बुवांचं वय झालं की काय?

“बुवा... मी वकिलाचं विचारत होते.”

“हो ना.”

त्यांनी पुन्हा भात चुरला. त्याच दुखऱ्या बोटाने. फुंकर घातली. रेवाने आ केला.

“अहो, परत चावेल ती!”

“चावेल.”

“आणि तरी भरवताय?... राग नाही आला तुम्हाला?”

बुवांनी घास रेवाच्या तोंडात सोडला.

“घास माझा होता, पोरी. दात तिचे.”