देवीशिवायचा चौक

रंजुला वरठा बारावी पास होती, पण सरकारी टेबलासमोर तिला स्वतःचं नावही आठवून सांगावं लागे. लेक विनिताला निवासी शाळेत घालायचं तर आदिवासी अनुदान हवं, आणि अनुदानासाठी खानझोडे साहेबांची सही हवी. म्हणून ती तिचा हात धरून साहेबांसमोर उभी होती.

"बाई, बोलणं तर तुमचं शहरी. वारली आहात कशावरून?" साहेबांनी कागद पुढे सरकवला. "तुमच्यात भिंतीवर काढतात तो लग्नाचा चौक काढून दाखवा."

रंजुलाने चौकट आखली, सूर्य-चंद्र काढले, फणी काढली, शिडी काढली. मधली जागा मात्र कोरीच ठेवली.

साहेबांनी जाडजूड पुस्तक उघडून चित्रावर बोट आपटलं. "चूक! मध्ये पालघट देवी असते. तुमची कुठाय? अर्ज नामंजूर."

रंजुला गोंधळली. छापलेलं खोटं कसं असेल? शिकता शिकता आपणच विसरलो की काय? पण चौकात देवी काढायला निघालेला तिचा लहानपणीचा हात आईने कसा झटकन धरला होता, ते तिला आठवलं.

ती चाचरत म्हणाली, "साहेब, घरात लग्न असल्याशिवाय आम्ही देवी काढत नाही. माझं तर झालंय. तुमचं आज असेल, तर काढते."

"हळद आणू का, साहेब?" दारातून शिपायाने विचारलं.

साहेबांनी चित्राखालची ओळ आता कुठे वाचली. तिथे छापलं होतं, ‘लग्नघरातील भिंत’. त्यांनी अर्ज परत ओढून सही केली.

पायऱ्या उतरताना रंजुला पुटपुटली, "विनू, मी जास्त बोलले का गं?"

"ते राहू दे, आई. साहेबांचं लग्न कधी आहे?"