हाकेचा कायदा

एका रानात एक शाळा होती. रान मोठं होतं आणि शाळा लहान होती. हे आधीच सांगून ठेवतो, कारण गोष्ट पुढे जाईल तसं रान मात्र तेवढंच राहणार आहे.

शाळा करंजाच्या झाडाखाली भरायची. शिकवायला काटेबाई नावाची साळिंदर होती. मी त्याच रानातला गाढव. माझं शिंगरू तिथे शिकत होतं, त्यामुळे पालकांनी मला सभेचा कायमचा अनुमोदक केलं होतं. प्रत्येक ठरावाला एक सूचक लागतो, एक अनुमोदक लागतो. सूचकाला थोडा विचार करावा लागतो. अनुमोदकाचा आवाज लांबवर गेला म्हणजे झालं. माझा जातो.

आमच्याकडे बंदुका आल्या त्या अशा. शिकाऱ्यांचा एक मोठा तळ रानात पडला होता. एके दिवशी आग्या मोहोळ उठलं, शिकारी पळाले आणि बंदुका, छकडे सगळं तिथेच राहिलं. पहिली बंदूक प्रधान अस्वलरावांनी घेतली, रानाच्या रक्षणासाठी. दुसरी रानडुकरानं घेतली, अस्वलरावांपासून रक्षणासाठी. मग लांडग्यानं, गव्यानं, तरसानं, ज्यानं त्यानं घेतली. मीही घेतली. माझा खूर चापात शिरत नाही. पण शेजाऱ्याच्या छकड्यात बंदूक आणि आपल्या छकड्यात नुसतं गवत, हे चारचौघांत बरं दिसत नाही. छकडा ओढायचा मीच. मालक म्हणून मिरवायचं तर मला मान वळवून मागे बघावं लागे.

बंदूक नव्हती ती फक्त ससूताईकडे. तिचा नवरा सापळ्यात गेला होता. सापळ्याशेजारी शिकाऱ्यांनी पाटी लावली होती, ‘पुढे सापळा आहे’. त्यांनी ती आपल्याच माणसांसाठी लावली होती आणि सशाला वाचता येत नव्हतं. तेव्हापासून ससूताईनं एकच धरलं होतं. तिच्या लेकीला, टिकलीला, वाचता आलं पाहिजे. रोज सकाळी दोघी सगळ्यांच्या आधी करंजाखाली हजर असत.

दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रांची पूजा असते, वाहनांची असते आणि मुलांच्या पाटीपुस्तकांचीही असते. सपाट जागा रानात एकच, शाळेचं अंगण. म्हणून सगळे छकडे तिथेच ओळीनं लागायचे, त्यांत बंदुका आणि पुढ्यात मुलांच्या पाट्या. त्या वर्षी झेंडूच्या माळा कुठे बांधायच्या यावर जरा खल झाला. नळीवरून माळ घसरते. चापाला बांधली की छान लोंबते. सगळ्यांनी चापाला बांधली.

लांडग्याच्या पिल्लाला माळेतलं एक फूल आवडलं. त्यानं ते ओढलं.

गोळीनं टिकलीच्या डाव्या कानाचं टोक नेलं. बंदूक दुपारपर्यंत निर्दोष ठरली, कारण ती नुकतीच पुजलेली होती. पिल्लू अजाण होतं. लांडगा तेव्हा प्रसाद घेत होता. शेवटी दोष झेंडूचा निघाला आणि पुढच्या वर्षीपासून शेवंती वापरायचं ठरलं.

काटेबाई मात्र दुसऱ्या दिवशी सभेत येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी एवढंच मागितलं की शाळेपाशी येणाऱ्या गाडीत बंदूक नसावी. पोरांना सोडायला या, न्यायला या, पण ती वस्तू घरी ठेवून या.

सभेत कुजबुज सुरू झाली. घरी ठेवली तर चोरीला जाईल, असं गवा म्हणाला. वाटेत काही झालं तर काय, असं रानडुक्कर म्हणालं. काय होईल, असं बाईंनी विचारलं. रानडुकरानं गव्याकडे बघितलं, गव्यानं रानडुकराकडे बघितलं, आणि तेच, काहीतरी, असं दोघंही म्हणाले. मला दोघांचंही पटलं. मी दोघांनाही अनुमोदन दिलं.

अस्वलराव बोलायला उठले. त्यांचा गळा दाटून आला होता. जेवण नुकतंच झालं होतं.

“बंधूंनो आणि भगिनींनो, मुलं म्हणजे रानाचं भविष्य. बंदूक म्हणजे रानाची परंपरा. भविष्यासाठी परंपरा सोडणारा मी नाही आणि परंपरेसाठी भविष्य सोडणाराही मी नाही. म्हणून कायदा करू. कडक करू.”

कायदा करायचं काम मुंगूसपंतांकडे आलं. पंत रानातले एकमेव वकील. त्यांनी लिहिलं की शाळेपासून एका हाकेच्या अंतरात कुणीही बंदूक बाळगू नये. आमच्या रानात अंतर असंच मोजतात. एकानं हाक मारायची आणि जिथवर ती ऐकू जाईल तिथवर हद्द. बाई खूश झाल्या. मग प्रश्न आला, हाक कुणाची?

पंतांनी हात जोडले. “जिच्यावर अन्याय झाला तिचीच. आमच्या टिकलीची.”

सभा भारावली. ससूताईच्याही डोळ्यांत पाणी आलं. टिकलीला शाल पांघरून करंजाखाली उभं केलं आणि हाक मार म्हटलं. ससा जन्मात हाक मारत नाही. टिकलीनं तोंड उघडलं, मिटलं. तिच्या शेजारी उभ्या असलेल्या तरस हवालदारांना थोडंसं ऐकू आलं. हद्द तिथेच आखली.

वर एक सवलत होती. छकडा म्हणजे चाकांवरचं घर, आणि घरात काय ठेवावं हे सरकारनं सांगू नये. तेव्हा बंदूक छकड्यात, पेटीत, कुलपात आणि नजरेआड असेल तर ती त्या जागी नाहीच असं समजावं. छकडा अंगणात शिरला तर? पंतांनी तेही सोडवलं. चाकांखालची जमीन छकडा उभा असेपर्यंत शाळेची नाही.

त्यामुळे सकाळी गाड्या येऊ लागल्या की शाळा आकसायची. मुलं विचारायची, “बाई, आत्ता आपण शाळेत आहोत का?” बाई वाकून चाकं बघायच्या आणि म्हणायच्या, “तू आहेस. तू जरा इकडे सरक.” टिकली तशात पाय आखडून मुळाक्षरं गिरवायची. मागे पेट्यांची कुलपं वाजली की तिचा टोक गेलेला कान आडवा व्हायचा.

कायदा झाला म्हणजे कारवाई दिसली पाहिजे. तरस हवालदार तपासणीला आले. छकड्यांत पेट्या होत्या, पण नजरेआड काय आहे ते बघणं कायद्यात बसत नव्हतं. त्यांनी सगळ्या पेट्यांना सलाम केला. मग ते वळले आणि बघतात तर अंगणाच्या मधोमध एक व्यक्ती उघड्यावर, विनापरवाना, अंगभर टोकदार हत्यारं घेऊन उभी.

“बाई, हे काय आहे?”

“काटे आहेत.”

“कुठून आणले?”

“उगवतात.”

“म्हणजे कारखानाच आहे,” असं म्हणून हवालदारांनी पंचनामा केला. पंच म्हणून माझा अंगठा घेतला. खुराचा अंगठा छान उमटतो.

खटला चालला. बाईंचं म्हणणं होतं की काटे अंगाचे आहेत, काढून ठेवता येत नाहीत. पंतांचं म्हणणं होतं की कायदा बाईंनीच मागितला होता आणि निदान त्यांनी तरी तो पाळावा. मार्गही त्यांनीच सुचवला. काटे छकड्यात, पेटीत, कुलपात ठेवावेत. बाई सोबत बसल्या तर सरकारची हरकत नाही. माझा छकडा कुणीतरी सुचवला. मी मनापासून दिला असता. पण बाईंना पेटीत बसवायचं तर माझी बंदूक बाहेर काढावी लागली असती, आणि ते बेकायदा झालं असतं. शेवटी सरकारनं पेटी दिली. तीवर अस्वलरावांचं हसरं चित्र होतं.

बाई पेटीतून शिकवू लागल्या. किल्ली हवालदारांकडे असायची. कुलपाच्या भोकातून मुलांना एका वेळी एकच अक्षर ऐकू यायचं आणि तेही पहिल्या रांगेला. टिकली ‘ढ’पर्यंत पोचली आणि अडकली. पुढचं अक्षर पेटीतच राहिलं.

तेव्हा ससूताई सभेला आली. ती आयुष्यात पहिल्यांदाच सभेत बोलत होती, त्यामुळे तिला भाषण येत नव्हतं.

“साहेब, बाईंना बाहेर काढा,” ती म्हणाली. “बंदूक माझ्या पोरीपासून लांब ठेवा. दुसरं काही नको मला.”

अस्वलरावांनी आम्हा पालकांना विचारलं, बंदूक घरी ठेवायला कोण तयार आहे? आम्ही सगळेच तयार होतो. गवा म्हणाला, डुकरानं ठेवली की ठेवतो. डुक्कर म्हणालं, लांडग्यानं ठेवली की ठेवतो. लांडगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, मी तर फक्त अनुमोदक आहे. ससूताईची मागणी तत्त्वतः एकमतानं मान्य झाली.

मग पंतांनी दुरुस्ती वाचली. बंदूक आणि शाळा यांच्यात एका हाकेचं अंतर हवं, हे सरकारला मान्यच आहे. अंतर तेच ठेवलं आहे. मात्र आजवर बंदुकीनं शाळेपासून लांब राहायचं होतं, यापुढे शाळेनं बंदुकीपासून लांब राहावं. शाळेला छकडा लागत नाही, तिला हलणं सोपं. बाई शाळेबरोबर लांब जाणार, तेव्हा त्या पेटीतून सुटल्याच. आणि अंतर आता बंदुकीपासून मोजायचं, तेव्हा हाकही बंदूकधारकाची हवी.

निवड माझी झाली. गळ्यात हार घातला, टेकडीवर नेलं. एवढा मान मला कधी मिळाला नव्हता. मी डोळे मिटले, मान वर केली आणि जीव तोडून ओरडलो. पूर्वेला डोंगरापर्यंत गेलं, पश्चिमेला नदीपर्यंत. उत्तरेला आणि दक्षिणेला रान संपलं तरी आवाज संपेना. खाली माझं शिंगरू दप्तर घेऊन उभं होतं. त्यालाही अगदी स्पष्ट ऐकू गेलं.

पुढच्या वर्षअखेरीला अस्वलरावांनी अहवाल वाचला. सरत्या वर्षात रानातल्या एकाही शाळेजवळ गोळी सुटलेली नाही. आम्ही माना डोलावल्या. आकडा बिनचूक होता.

ससूताई मागे उभी राहिली. “माझी टिकली ‘ढ’वर थांबलीय,” ती म्हणाली. “पुढचं कुठे शिकवू?”

पंतांनी घड्याळ बघितलं. तिला खाली बसवायला कुणा हवालदाराची गरज पडली नाही. आम्हा पालकांनीच बसवलं. चांगलं काम चाललेलं असताना मध्येच असं बोलू नये. मग आम्ही टाळ्या वाजवल्या, बराच वेळ वाजवल्या. टाळ्यांना दोन्ही पुढचे पाय मोकळे लागतात, म्हणून तेवढ्यापुरत्या बंदुका गाडीत ठेवल्या होत्या. पेटीत, कुलपात, नियमाप्रमाणे.