राजमातेची वाटी

पूर्वी त्रेतायुगात, रेवेच्या उत्तर तीरी, कदंबवनांनी वेढलेली आणि अग्निहोत्रांच्या धूमाने सुगंधित झालेली मणिपुष्करा नावाची नगरी होती. तेथे एक चाल होती. दुधाला विरजण घरचे लावायचे नाही, रोज शेजारून मागून आणायचे. राजवाड्यालाही यातून सूट नव्हती. राजमाता सुव्रता स्वतः वाटी घेऊन कुंभाराच्या घरी जाई आणि भरपूर गप्पा मारून परते.

राजा वीर्यकेतूला मात्र याची भारी लाज वाटे. सार्वभौम राजाची माता, आणि कुंभाराच्या दारी! त्याने हिमगिरीवर घोर तप आरंभले. अखेर धनाधिपती कुबेर प्रकट झाला.

"हे यक्षराज, माझ्या नगरीत कोणालाही कोणाच्या दारी काही मागावे लागू नये. इच्छिलेली प्रत्येक वस्तू ज्याच्या त्याच्या घरी प्रकट होवो!"

कुबेर म्हणाला, "राजन्, दिलेला वर मलाही परत घेता येत नाही. पुन्हा विचार कर."

"विचार करूनच आलो आहे!"

"तथास्तु."

झाले! रत्नदीप आले, हस्तिदंती मंचक आले. एकाकडे सोन्याचा झोपाळा आला की शेजाऱ्याला दोन हवेसे वाटत. ओसऱ्या भरल्या, अंगणे भरली, मग वाटा बुजू लागल्या. राजसेवकही आपापल्या भरल्या घरी निघून गेले. राजमाता तरीही रोज वाटी घेऊन निघे आणि बंद दारे पाहून परते.

"वीर्या, माझ्याशी बोलायला कुणी उरलं नाही रे," ती म्हणाली.

राजा हसला आणि त्याने तिच्यासाठी बोलणारी रत्नजडित मैना इच्छिली. आईचे दुःख त्या वेड्याला कळलेच नाही.

एका प्रभाती राजमाता उंबरठ्याशी गतप्राण आढळली. वाटी हातातच होती. शोकाकुल राजा वस्तूंचे ढीग तुडवीत कुंभाराच्या दारी पोहोचला आणि जन्मात प्रथमच त्याने याचना केली.

"माझी आई गेली. खांदा द्यायला चला हो!"

दार उघडले नाही. आतून आवाज आला, "महाराज, इच्छा करा की. येतील घरबसल्या."

राजाने डोळे मिटून चार माणसे इच्छिली. प्रांगणात चार सुवर्णपुतळे प्रकट झाले. त्यांचे खांदे भक्कम होते, पण पाऊल एकाचेही हलेना. शेवटी राजाने आईला एकट्यानेच पाठीवर घेतले आणि तो रेवेच्या दिशेने निघाला. तो पुन्हा कोणाला दिसला नाही.

रेवेतीरी आज त्या नगरीच्या जागी, वस्तूंच्या ढिगांवर माती चढून झालेली एक उजाड टेकडी आहे. कुबेराचा वर अक्षय असल्याने ती दरवर्षी थोडी वाढते.