पलीकडच्या पाण्यावरचे कुरव

होड्या शिडावर आणि वल्ह्यांवर चालत, तेव्हाची ही गोष्ट. एका आखाताच्या काठी तीन गावं होती: अलीकडचं, मधलं आणि पलीकडचं. तिन्ही गावं मासेमारीवर जगत, आणि तिन्ही गावांना वाटे, समुद्र आपल्यालाच जरा कमी देतो.

आखाताच्या तळाशी एक नवल होतं. तिथे गुलाबी-जांभळं शेवाळ वाढे, पण मऊ नव्हे. हाताला चक्क दगड लागावा असं टणक. त्याच्या अंगात चुना भरलेला असे. खड्यावर खडा चढत जाऊन त्याची तळभर जाळीदार बिछायत झाली होती आणि तिच्या फटींत माशांची पिल्लं लपत. हे दगडी शेवाळ मोडायला एक हिसका पुरे. पण तांदळाच्या दाण्याएवढं वाढायला त्याला पाच-सहा वर्षं लागत.

पूर्वी कोणी त्यावरून जाळी फरफटवत नेई, कोणी चुन्याच्या भट्टीसाठी ते पाट्या भरभरून काढी. मासे आटू लागले तेव्हा मधल्या गावच्या म्हाताऱ्या पाणबुड्याने तिन्ही गावांच्या तांडेलांना, म्हणजे होड्यांच्या पुढाऱ्यांना, एकत्र बसवलं. प्रत्येकाने आपल्या किनाऱ्याचं पाणी एकाच घागरीत ओतलं. "आता आपापलं वेगळं काढून दाखवा," पाणबुड्या म्हणाला. कोणाला जमणार? तेव्हा करार ठरला. तळाला जाळं लावायचं नाही, शेवाळ काढायचं नाही आणि जाळ्यात पिल्लं आली तर लगेच पाण्यात सोडायची.

करार चांगला चालला. दहा वर्षांत मासे परतले. पण अलीकडच्या गावच्या तांडेलाचा जीव काही थंड होईना.

तसं त्याला कमी काय होतं? त्याच्या बाजूला पाणी खोल. तांबोशी मिळे, हेकरू मिळे, एकेक मासा हातभर. पण हा गडी आपल्या पाटीत बघायचाच नाही. हा बघायचा पलीकडे. पलीकडच्या गावच्या होड्यांवर सकाळपासून कुरव पक्ष्यांचे थवेच्या थवे घिरट्या घालत. आणि ह्याच्या होडीवर? दोन. त्यातला एक लंगडा.

"बघ, बघ!" तो बायकोला म्हणे. "कुरव काय उगाच जमतात? जाळी फाटायला आली असतील त्यांची."

"अवो, आपल्या घरात रोज तांबोशी शिजते. अजून काय पायजे तुमाला?"

"मला काय बी नको. त्यांच्याकडं जास्त हाय, ते नको."

बायकोने कपाळाला हात लावला. दुसऱ्याच्या पानातला लाडू मोठा दिसतो म्हणतात. हिच्या नवऱ्याला दुसऱ्याच्या पानातलं मीठसुद्धा जास्त दिसे. जेवताना, जाळं विणताना, देवळात हात जोडताना त्याच्या डोळ्यांपुढे तेच कुरव फिरत. त्याचा नुसता जळफळाट होई.

पलीकडच्या गावच्या देवीची जत्रा आली. त्या दिवशी तिथली एकही होडी पाण्यात जात नसे. जत्रेचं आमंत्रण अलीकडच्या तांडेलालाही होतं. "पोटात दुखतंय," असा निरोप त्याने धाडला. तेवढं मात्र तो खरं बोलला.

मग भर दुपारी त्याने जड जाळं होडीत टाकलं, त्याला लोखंडी साखळी बांधली आणि एकटाच पलीकडच्या पाण्यात शिरला. तिकडे पाणी उथळ आणि दगडी शेवाळ सगळ्यांत दाट. साखळी तळाला टेकली. कडकड कडकड झालं. दोरीतून ती कडकड त्याच्या हातापर्यंत आली आणि, खोटं कशाला बोला, त्याला बरं वाटलं. जाळ्यात मासे आले नाहीत, गुलाबी खडे आले. ते त्याने पाण्यात लोटून दिले आणि संध्याकाळच्या आत घरी येऊन पेज मागितली.

पुढच्या वर्षी पलीकडचे कुरव गेले. गडी खूश. शीळ घालत हिंडू लागला.

त्याच्या पुढच्या वर्षी अलीकडच्या तांबोश्या गेल्या. मग हेकरू गेले. होड्या रिकाम्या जात, रिकाम्या येत. चुली थंड पडू लागल्या तशी अलीकडची माणसं चिडली. "पलीकडच्यांनी सगळं गिळलं! मोडा तो करार!" तांडेल मूग गिळून बसला.

अखेर तिन्ही गावं मधल्या गावच्या वाळूवर जमली. पाणबुड्या पलीकडच्या पाण्यात बुडी मारून आला होता. त्याने मूठ उघडली. तिच्यात पांढरा, मेलेला चुरा होता.

"कोणी तरी तळ खरवडलाय," तो म्हणाला. "पिल्लं इथंच लपायची, इथंच वाढायची. मोठी झाली की अलीकडच्या खोल पाण्यात जायची. आता पिल्लं नाहीत, तर मासे कुठले?"

पलीकडचा तांडेल उठला. "आमच्या जाळ्यात पिल्लंच जास्त यायची," तो म्हणाला. "करारापरमाणं आमी ती सोडायचो. सोडली की कुरव झडप घालायला जमायचे, त्यांना हाकलून हाकलून हात दुखायचे. आमच्या हद्दीत हे घडलं, राखण आमची कमी पडली. मासे परत येईस्तोवर, अलीकडच्यांनो, आमच्या पाण्यात या. जे गावंल ते निम्मं तुमचं."

अलीकडच्या तांडेलाचे कान गरम झाले. ज्या पाण्यासाठी तो इतकी वर्षं जळला, ते आज आपण होऊन त्याच्या पुढ्यात आलं होतं. गप्प बसायचं, बस्स. त्याच्या गावचे लोक त्याच्या होकाराकडे डोळे लावून बसले होते. पण तो उठून उभा राहिला.

"साखळी माझी होती," तो म्हणाला. "जत्रेच्या दिवशी. तुमच्या होड्यांवरचे ते कुरव मला बघवत नव्हते."

मग त्याच्याच गावाने त्याचं तांडेलपण काढून घेतलं. तिन्ही गावांनी ठरवलं की इथून पुढे राखणीची होडी एकच, तिच्यात तिन्ही गावांचा एकेक माणूस, आणि जत्रेच्या दिवशीही ती पाण्यात असेल. त्या होडीत वल्ही मारायचं काम आयुष्यभर ह्याचं.

"तळ पुन्हा पहिल्यासारखा कधी होईल, बाबा?" त्याने पाणबुड्याला विचारलं.

"होईल. तू-मी नाय बघणार. तुझी नातवंडं बी नाय."

तो मान खाली घालून निघाला तेव्हा पलीकडचा तांडेल त्याच्या शेजारी येऊन चालू लागला. "तुझ्या हातभर तांबोश्या बघून मी काय कमी जळलो?" तो हळूच म्हणाला. "आमच्याकडं बोटभर पिल्लं, आणि ती बी सोडायची! एकदा मी बी साखळी होडीत टाकली व्हती. तुझ्या पाण्यात निघालो व्हतो."

"मग?"

"मग काय? परत काढून ठेवली."

तात्पर्य काय, तर मत्सर कोणाच्या पोटात नसतो? पण त्याला हातापर्यंत येऊ देऊ नये. सामाईक पाण्यात शेजाऱ्याचं मोडलं की आपलंही मोडतं.